कडेवरची गीताई

माझ्या आजीला गीताई पाठ होती, पण ती कोणी लिहिली हे तिला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. तिच्या लेखी गीताई ही एक बाई होती. मुक्ताई, जनाई, तशी गीताई. कधीतरी होऊन गेली, देवाशी बोलली आणि जे ऐकलं ते बायाबापड्यांना समजेल असं सांगून गेली. "थे गीताई मोठी शायनी बाई असन," आजी म्हणायची. "लेकराले भाकर कुसकरून द्यावं ना, तसं सांगते."

आजी शाळेत गेली नव्हती. सहीच्या जागी अंगठा. आमचं गाव सेलू तालुक्यातलं, वर्ध्याच्या बाजूचं. तिच्या तरुणपणी खादीचं काम करणारी माणसं गावात येत, मारुतीच्या पारावर संध्याकाळची प्रार्थना होई. बायांच्या घोळक्यात मागं बसून, मांडीवरच्या पोराला थोपटत तिनं ती कानानं उचलली. सातशेच्या सातशे श्लोक नाही. दुसऱ्या अध्यायाचा शेवट, बारावा, पंधरावा एवढे नीट, बाकी तुकडे. पण जे येत होतं ते अंगात मुरलेलं होतं. दिवाळीनंतर पऱ्हाटीच्या तासात बाया वेचणीला लागल्या की तिच्या ओठांवर ते सुरू व्हायचं. हात बोंडातून कापूस काढतायत, कमरेची ओटी फुगत चाललीय, आणि तोंडानं:

गीताई माउली माझी तिचा मी बाळ नेणता
पळता रळता घेई उचलून कळेवरी

पुस्तकात 'पडतां रडतां' आहे, 'उचलूनि' आहे, 'कडेवरी' आहे. आमच्याकडं घोडा घोळा होतो आणि रडणं रळणं होतं, तशी गीताईही आजीच्या जिभेवर वऱ्हाडी झाली होती. मी तिच्या मागं मागं रिकामं टोपलं घेऊन फिरायचे. मला वाटायचं, हे आजीनंच रचलंय. मी सारखी धुऱ्यावर पडायचे आणि ती मला उचलून कडेवर घ्यायची, त्यावरूनच.

वर्ध्याला कॉलेजात शिकायला गेल्यावर गीताईचं छोटं पुस्तक हातात आलं. वरती नाव, विनोबा. सुट्टीत घरी आल्यावर मोठ्या हौसेनं आजीला सांगितलं की गीताई बाई नव्हती, गीता आणि आई मिळून गीताई, आणि ती लिहिली पवनारच्या विनोबांनी. पवनारचा बाबा तिला माहीत होता, भूदानवाला म्हणून. तिचं गव्हं निवडणं थांबलं. थोडा वेळ ती गप्प बसली. मग म्हणाली, "माणसानं लिवलं का हे? मंग त्याले माय चांगली भेटली असन."

मी तेव्हा विनोबांचं चरित्र वाचलेलं नव्हतं. पुढं वाचलं तेव्हा आजीचं ते वाक्य आठवून मी पुस्तक मिटून बसून राहिले.

विनोबांना आपण ओळखतो ते भूदानाचे, पदयात्रेचे, पांढऱ्या दाढीचे विनोबा म्हणून. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत मिळालेली पहिली जमीन, मग वर्षानुवर्षं चालत पालथा घातलेला देश, १९८३ सालचं मरणोत्तर भारतरत्न. हे सगळं खरं आणि मोठं आहे. पण मला ओढ आहे ती त्यांच्यातल्या कवीची. हा कवी फार थोड्यांना माहीत आहे, आणि त्याला कारणही तसंच आहे. त्यानं आपल्या कविता ठेवल्याच नाहीत.

जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्याचा. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला, म्हणून शिक्षण तिथं. विनायक नरहरी भावे हा मुलगा तिथं कविता करायचा. एकेका कवितेवर तासन् तास, कधी दिवसच्या दिवस बसायचा. शब्द बदलायचा, पुन्हा बदलायचा. कविता मनासारखी उतरली, आता यात काही कमी नाही असं वाटलं, की ती अग्नीला द्यायचा. अर्धवट जमलेली जाळणारे पुष्कळ असतील. हा जमलेली जाळायचा. पुढं १९१६ साली घर सोडून काशीला गेला तेव्हा गंगेच्या काठी बसून कविता करायचा आणि मनाजोगती झाली की गंगेत सोडायचा. घर सोडण्याआधी शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रंही आईच्या डोळ्यांदेखत चुलीत घातली होती.

प्रमाणपत्रं जाळली त्याचं मला काही वाटत नाही. त्या कवितांचं मात्र वाटतं. त्या कशावर होत्या? आईवर होत्या का? बडोद्याच्या उन्हावर होत्या का? मी स्वतः चार ओळी लिहिते. एखादी ओळ जमली की ती कधी एकदा कुणाला वाचून दाखवते असं होतं. जमलेली ओळ विस्तवावर ठेवायला हात किती मोकळा लागत असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे. माझ्यानं ते होणार नाही, आणि व्हावं असंही मला वाटत नाही. पण त्या आगीचा आणि पुढं लिहिलेल्या गीताईचा काही संबंध आहे असं मला मनापासून वाटतं.

आई म्हणजे रुक्मिणीबाई. तिला विन्यानं कुठंतरी चाललेल्या गीतेच्या प्रवचनाबद्दल सांगितलं असेल, किंवा ती स्वतः ऐकून आली असेल, ते असो. तिची अडचण साधी होती. संस्कृत गीता मला कळत नाही. मुलानं मराठी गद्य आणून दिलं. ती म्हणाली, पद्य असतं तर बरं. मग त्यानं वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली. सतराव्या शतकातला मोठा पंडित कवी, एका श्लोकाला एक श्लोक असं त्यानं केलेलं. तीही तिला जड गेली. मुलगा म्हणाला, याहून सोपं काही नाही, आता काय करणार? त्यावर आई म्हणाली, मग तूच का करत नाहीस? तुला येईल.

१९१८ साली आई गेली. मुलाच्या हातून तोवर गीता झाली नव्हती. तो गांधीजींच्या आश्रमात होता, सूत कातत होता, मैला उचलत होता, वेद-उपनिषदं वाचत होता. १९२१ साली जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून वर्ध्याला आला आणि आमच्या जिल्ह्याचा झाला. आईनं सांगितलेलं काम हाती घेतलं ते ७ ऑक्टोबर १९३० ला. पुरं झालं ६ फेब्रुवारी १९३१ ला. म्हणजे ती ऐकायला नसताना बारा वर्षांनी.

या तारखा मला पाठ आहेत, कारण हाच काळ आमच्याकडं वेचणीचा. दसऱ्याच्या सुमाराला बोंडं फुटायला लागतात आणि फेब्रुवारीत पऱ्हाट्या उपटायला आलेल्या असतात. म्हणजे ज्या चार महिन्यांत वर्ध्याच्या भोवतालच्या शेतांत बाया एकेक बोंड रिकामं करत होत्या, त्याच चार महिन्यांत हा माणूस वर्ध्यात बसून एकेक श्लोक मराठीत उतरवत होता. एकशेतेवीस दिवसांच्या आसपास, सातशे श्लोक. दिवसाला सहाही नाहीत. घाई नाही, आळस नाही, वेचणीचीच गती.

गीतेचा बहुतेक भाग अनुष्टुभात आहे, आठ अक्षरांचे चार चरण, बत्तीस अक्षरं. विनोबांनी मराठीतही तेवढीच अक्षरं घ्यायची ठरवलं. संस्कृतमध्ये शब्द एकमेकांत मिसळून मावतात. मराठीला प्रत्यय लागतात, 'आणि' लागतो, क्रियापद लागतं. तेवढ्याच घरात मोठं कुटुंब बसवण्यासारखं ते आहे. ज्ञानेश्वरांनी सातशे श्लोकांच्या जवळपास नऊ हजार ओव्या केल्या, अंगण हवं तेवढं वाढवलं, आणि त्या अंगणात मराठी भाषा खेळली, वाढली. विनोबांनी उलट केलं. उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही.

हा अक्षरं मोजण्याचा नाद त्यांना कुठून लागला असेल? मला त्यांच्या आईची एक गोष्ट आठवते. तिनं देवाला लाखभर तांदूळ वाहण्याचा नेम धरला होता. रोज मूठभर घ्यायची आणि एकेक दाणा मोजून वाहायची. वडील हिशेबी माणूस. ते म्हणाले, तोळाभर तांदळात किती दाणे बसतात ते मोज आणि त्या हिशेबानं वजन करून टाक, उगाच वेळ घालवू नकोस. आईला उत्तर सुचेना. संध्याकाळी तिनं विन्याला विचारलं. तो म्हणाला, हा वजनाचा हिशेब नाही, प्रत्येक दाण्याबरोबर देवाची आठवण होते, म्हणून मोजायचं. सातशे गुणिले बत्तीस म्हणजे बावीस हजारांहून जास्त अक्षरं होतात. काही श्लोक मोठ्या वृत्तातले आहेत, तेव्हा याहूनही जास्त. त्यातलं एकेक अक्षर मोजून ठेवणारा मुलगा आणि एकेक तांदूळ मोजून वाहणारी आई मला एकाच ओसरीवर बसलेली दिसतात.

आता थोडं शब्दांकडं येते, कारण अनुवाद कळतो तो शब्दातच.

'कर्मण्येवाधिकारस्ते' हे सगळ्यांना माहीत आहे, न वाचणाऱ्यालाही. विनोबा लिहितात: 'कर्मांत चि तुझा भाग तो फळांत नसो कधीं'. 'अधिकार' हा शब्द मराठीत होता, चालला असता. त्यांनी 'भाग' घेतला. अधिकार म्हटलं की कचेरी दिसते. भाग म्हटलं की शेत दिसतं. आमच्याकडं बटईनं जमीन केली की भाग ठरतो, तुझा किती, माझा किती. आजीच्या सासऱ्यांनी अर्धं आयुष्य दुसऱ्याची जमीन बटईनं वाहिली. भाग काय असतो आणि तो हातात पडेपर्यंत काय काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. 'फयात नसो कधी' म्हणताना तिचा सूर जरा उतरायचा. फळात भाग नसो, हे शेतकऱ्याच्या बाईनं म्हणणं सोपं नाही. ज्या वर्षी बोंडअळीनं पीक खाल्लं, त्या वर्षी तिनं हा श्लोक म्हटलेला मी ऐकला नाही. त्याबद्दल तिला मी कधी विचारलं नाही.

चौथ्या अध्यायात 'यदा यदा हि धर्मस्य ग्लानिर्भवति' आहे. मराठीत: 'गळूनि जातसे धर्म ज्या ज्या वेळेस अर्जुना'. ग्लानी म्हणजे मरगळ, पण विनोबांनी 'ग'चा नाद धरला आणि 'गळणं' आणलं. पाती गळतात, फुलं गळतात, लागलेली बोंडंही गळतात. झाड उभंच असतं, हिरवं असतं, लांबून काही कळत नाही. जवळ जाऊन पाहावं तर खाली सडा. धर्म असाच जातो, असं जर त्यांना सुचवायचं असेल तर त्याहून नेमका शब्द नाही. सुचवायचं नसेल तरी शब्दानं ते केलं आहे.

त्याच्याच पुढच्या श्लोकात मात्र मी थबकते. 'विनाशाय च दुष्कृताम्' असं मूळ आहे. विनाश. गीताईत आहे: 'राखावया जगीं संतां दुष्टां दूर करावया'. दूर करावया! संहार नाही, नाश नाही. दूर करणं. हा अनुवाद की विनोबांचं मत? रणांगणावर उभ्या असलेल्या कृष्णाच्या तोंडी अहिंसा घालण्याचा अधिकार अनुवादकाला आहे का? पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला तो आगाऊपणा वाटला होता. आता तसं वाटत नाही, तरी माझं पूर्ण समाधानही झालेलं नाही. एवढं म्हणेन की विनोबांनी हे लपून केलेलं नाही. मूळ श्लोक शेजारी ठेवून कुणीही ताडून पाहावा. आणि 'दूर करणं' हा शब्द घरातला आहे. भांडणाऱ्या पोरांना आई दूर करते, निवडताना खडा दूर करते. मारत नाही.

आणखी एक. गीतेचा पहिला शब्द 'धर्म'. 'धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे'. गीताई सुरू होते ती अशी: 'त्या पवित्र कुरुक्षेत्रीं पांडूचे आणि आमुचे'. धर्म गेला, पवित्र आलं. मला हे फार लागलं होतं. ज्या शब्दावर सगळी गीता उभी आहे तोच पहिल्या ओळीतून कसा सुटू दिला? पुढं एकदा पवनारला धाम नदीच्या काठी बसून मी गीताई सलग शेवटापर्यंत वाचली. अठराव्या अध्यायाचा शेवटचा श्लोक आला: 'तिथें मी पाहतों नित्य धर्म श्री जय वैभव'. मूळ संस्कृत श्लोकात इथं नीती आहे, धर्म हा शब्द नाही. विनोबांनी तो तिथं ठेवला. पहिल्या ओळीत हातून सुटलेला शब्द शेवटच्या ओळीत घरी आला. मुद्दाम केलं की झालं, ते मी ठरवू शकत नाही. पण अनुवाद करणाऱ्या माणसाचं देणं असंच चालतं. इथं राहिलेलं तिथं फेडायचं, पण बुडवायचं नाही.

छापण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वर्ध्याच्या आश्रमातल्या लहान मुलींना त्यांनी ती वहीतून शिकवून पाहिली. मुली जिथं अडल्या तिथं शब्द बदलले. पंडितांना दाखवण्याआधी पोरींना दाखवली. आई नव्हती, म्हणून आईच्या जागी त्या पोरी बसवल्या, असं मी समजते. मग १९३२ साली गीताई छापून आली तेव्हा विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथंच दर रविवारी त्यांनी गीतेवर बोलायला सुरुवात केली आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतलं. ती 'गीता प्रवचने'. पुढं गीताईच्या लाखो प्रती घरोघरी गेल्या. बंधू शिवाजीराव भाव्यांच्या सोबतीनं विनोबांनी गीताईचा शब्दार्थकोशही केला. आपण वापरलेल्या एकेका शब्दाचा जाब द्यायला बसणारा कवी मराठीत दुसरा कोण असेल?

गीताई सोपी आहे असं सगळे म्हणतात. खरं तर ती बोलीभाषेत नाही. 'जातसे', 'घेतसें', 'तुष्ट' असं १९३० सालीही कुणी बोलत नव्हतं. तरी आजीला ती जड गेली नाही आणि वामन पंडित विनोबांच्या आईला जड गेले. का? मला वाटतं, सोपं म्हणजे रोजचं नव्हे, सोपं म्हणजे कानाला ओळखीचं. विनोबांच्या आईच्या कानात तुकाराम-रामदासांची भाषा होती. माझ्या आजीच्या कानात जात्यावरच्या ओव्या, हरिपाठ आणि कार्तिकातला काकडा होता. त्या भाषेतलं 'जातसे' तिला परकं नव्हतं. 'स्थिरावला समाधींत' म्हणताना समाधी तिला कितपत कळत असेल कुणास ठाऊक, पण त्याच श्लोकात पुढं येतं 'कसा बोले कसा राहे फिरे कसा', आणि तिथं ती मान हलवायची. सोयरीक जुळवताना मुलाची अशीच चौकशी करतात आमच्याकडं. बोलतो कसा, राहतो कसा, फिरतो कुठं.

मी गावच्या शाळेत मराठी शिकवते. रात्री, पोरं झोपल्यावर, हिंदीतल्या कविता मराठीत आणण्याचा प्रयत्न करते. बारा-तेरा वर्षं झाली. हिंदीतून मराठी म्हणजे सोपं, असं लोकांना वाटतं. लिपी एक, निम्मे शब्द एक. तिथंच पाय घसरतो. शेजारच्या घरात अंधारात शिरल्यासारखं असतं, सगळं आपल्याच घरासारखं वाटतं आणि नेमकी खुंटी दुसरीकडं असते.

एका कवितेत 'सूखा' होता. मी 'अवर्षण' लिहिलं. कोरडा दुष्काळ म्हणावं तर दोन शब्द होत होते आणि ओळ लांबत होती. नववीच्या वर्गात वाचून दाखवली तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, अवर्षण म्हणजे काय हो?" मी सांगितलं, पाणी न पडणं. ती म्हणाली, "मंग पाण्यानं दडी मारली म्हना ना." तिला तो शब्द पुस्तकातून मिळालेला नव्हता. त्या साली जुलैचे वीस दिवस पाणी नव्हतं आणि तिच्या घरी दुबार पेरणी झाली होती. मी 'दडी' घेतली. मूळ कवितेत नसलेली एक गोष्ट त्यामुळं आली. पाऊस माणूस झाला, लपून बसलेला, शोधायला हवा असा. मूळ कवीला ते चालेल का, याची काळजी मला अनेक दिवस होती. तेव्हा मला 'दुष्टां दूर करावया' आठवायचं, आणि विनोबांशी मी मनातल्या मनात घातलेला वाद जरा मवाळ व्हायचा.

त्या कवितांपैकी काही एका नियतकालिकानं छापल्या. मूळ कवीचं नाव ठळक, माझं कुठंच नाही. मी पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं. अनुवादकाचं नाव छापलं पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आजीला विनोबांचं नाव ठाऊक नव्हतं ते वेगळं. तिनं नाव विसरून त्यांना मुक्ताईच्या पंगतीला बसवलं होतं. छापणाऱ्यानं नाव गाळणं आणि म्हणणाऱ्यानं नाव विरघळवून टाकणं या एकाच गोष्टी नव्हेत.

आजीला मी एकदा वर्ध्याला गोपुरीत गीताई मंदिरात नेलं. देवळासारखं देऊळ नाही ते. वर छप्पर नाही, आत मूर्ती नाही. मोकळ्या आभाळाखाली दगडाच्या उभ्या शिळा, आणि त्यांवर गीताईचे अठरा अध्याय कोरलेले. आजीनं चपला काढल्या. उन्हाचे दिवस होते, खाली पाय भाजत होते, तरी काढल्या. "देव कोठी हाये?" तिनं विचारलं. मी म्हटलं, हाच, हे लिहिलेलं. ती एका शिळेपाशी गेली आणि अक्षरांवरून तळहात फिरवला. आयुष्यभर जे तोंडात होतं ते पहिल्यांदा हाताला लागत होतं. "हे कोनतं?" मी पहिला शब्द वाचला, 'कोणाचा'. तिनं लगेच पुढचं सुरू केलं: न करी द्वेष, दया मैत्री वसे मनी. हात त्या शिळेवर, डोळे मिटलेले. पुढची शिळा, मी पहिला शब्द, ती पुढचं. बारावा अध्याय आम्ही दोघींनी असा वाचला. एका जागी तिनं म्हटलेलं आणि दगडावरचं जुळलं नाही. तिचा शब्द वेगळा होता. मी तसं सांगितल्यावर ती म्हणाली, "असू दे. दगळाले काय, तो पुसत नाही. मी दोन्ही म्हणीन."

ती गेली त्याला आता अकरा वर्षं झाली. तेराव्याला भजनी मंडळाच्या बायांनी पंधरावा अध्याय म्हटला. कुणाला सांगावं लागलं नाही.

मागच्या हिवाळ्यात आमच्या शाळेत विज्ञानाला एक नवे सर आले. छिंदवाड्याकडचे, घरी हिंदी. मराठी समजतं, बोलताना अडतात. परिपाठात मुलं 'गीताई माउली माझी' म्हणतात, ते त्यांना आवडलं. मला म्हणाले, मॅडम, इसका हिंदी कर दीजिए, अम्मा को सुनाऊँगा. दोन ओळी तर आहेत. मी म्हटलं, उद्या देते.

ते जमायला आठवडा लागला. पहिली अडचण 'नेणता'. नासमझ म्हटलं तर पोराला दोष लागतो. नादान म्हटलं तरी तेच. अबोध बरा आहे पण त्याला शाईचा वास येतो. 'नेणता'मध्ये नकार आहे, पण दटावणं नाही; आमच्याकडं बाया अजून म्हणतात, नेनतं लेकरू हाये, काय समजते त्याले. ज्या माणसानं वेद, उपनिषदं आणि कितीतरी भाषा आत्मसात केल्या त्यानं स्वतःसाठी हा शब्द निवडला, आणि तोही आईच्या नावानं केलेल्या पुस्तकाच्या दारात उभं राहून. तो हलका करून चालणार नव्हता.

दुसरी अडचण 'कडेवरी'. सर म्हणाले, गोद में. मी म्हटलं, नाही, गोद म्हणजे मांडी, ओटी. आई बसलेली असते तेव्हा गोद. कड म्हणजे कमरेची बाजू. आई उभी आहे, चालतेय, तिला काम आहे, एका हातात पाण्याचा गुंड आहे. पोर पडलं, रडलं, तर तिनं काम न सोडता त्याला उचलून कमरेवर टाकलं आणि पुढं निघाली. म्हणजे आई थांबलेली नाही. सर विचारात पडले. म्हणाले, हो, आमच्याकडंही बाया तसंच घेतात, काहीतरी शब्द आहे, लहानपणी ऐकलेला, आता आठवत नाही.

मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या पायरीवर बसून त्यांनी घरी फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला. पलीकडं कोंबड्यांचा आवाज, भांड्यांचा आवाज. त्यांनी विचारलं, "अम्मा, बच्चा गिर जाए और रोने लगे, तो उसको उठाकर कमर पर बिठा लेते हैं ना, उसको अपने उधर क्या बोलते हैं?"

पलीकडून थोडा वेळ काहीच आलं नाही. भांड्यांचा आवाजही थांबला.

मग अम्मा म्हणाल्या, "किसका बच्चा गिरा? लगी तो नहीं?"